रेझिनचं नौदल जेट बनवताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

विमानांच्या मॉडेलची अर्धवट सोडलेली रेझिन किटं (ओतलेल्या रेझिनचे पार्ट जोडून बनवायची) बघितली की एक गोष्ट सारखी दिसते, चूक रंगात नसते आणि डिकलमध्येही (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांमध्ये) नसते, ती पहिल्या दोन संध्याकाळीच होऊन गेलेली असते. पार्ट न धुता कापले, न मोजता घासले आणि घासल्या घासल्या चिकटवले. मग महिनाभराने पंख एका बाजूला झुकलेला दिसतो, रंग टेपबरोबर निघून येतो, विमान शेपटीवर बसतं, आणि किट वाईट होतं असं म्हणून ते डब्यात परत जातं.

खरं कारण असं की आपला हात साध्या प्लॅस्टिक किटवर बसलेला असतो. प्लॅस्टिकचं सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, पॉलियुरेथेन रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. प्लॅस्टिक किटचा साचा धातूचा असतो, त्यामुळे पार्ट एकमेकांत बसतात ही जबाबदारी कारखान्याची. रेझिनचा साचा रबराचा, तो ताणला जातो, झिजतो, आणि आत ओतलेलं रेझिन थंड होताना आकसतं, म्हणून बसवायची जबाबदारी पूर्ण आपल्यावर येते. त्यात नौदलाचं जेट म्हटलं की दुमडणारे पंख, जहाजावर उतरताना दोरात अडकणारा शेपटीखालचा हुक, दणकट चाकाचे पाय आणि मागच्या बाजूला भरपूर वजन. खाली दिलेला क्रम खऱ्या विमानाच्या १/७२ आणि १/४८ अशा दोन्ही मापांच्या मॉडेलला चालतो. थ्रीडी प्रिंटेड रेझिनचं थोडं वेगळं आहे, ते जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

१. किट उघडायच्या आधी: विमान कुठल्या अवस्थेत उभं करणार?

हे आधी ठरवलंच पाहिजे कारण पुढची सगळी कापाकापी यावर अवलंबून आहे. पंख दुमडलेले की सरळ, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) खाली की वर, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी की बंद, हुक वर की खाली. बरेच जण हे शेवटी ठरवतात आणि मग पूर्ण चिकटवलेला, भरलेला, घासलेला पंख करवतीने कापायची वेळ येते.

आणि जे एकत्र दाखवणार ते खऱ्या विमानात एकत्र होतं का हे फोटो बघून तपासा. काही नौदल जेटची उदाहरणं देतो. स्कायहॉकचा पंख दुमडत नाही, तो मुळातच लहान आहे, पण जमिनीवर उभं असताना त्याचे पुढच्या कडेचे स्लॅट (हलणाऱ्या पट्ट्या) बहुतेक वेळा स्वतःच्या वजनाने खाली आलेले असतात, ते बंद चिकटवले की जाणकाराला लगेच खटकतं. क्रुसेडरचा अख्खा पंख टेकऑफ आणि लँडिंगला ७ अंश वर उचलला जातो, तो वर दाखवायचा तर त्याखालची जागाही डिटेल करावी लागते. सी हॅरिअरला हुक नाही आणि पंखही दुमडत नाहीत, जहाजाच्या लिफ्टवर मावण्यासाठी त्याचं नाक बाजूला वळतं. ब्रिटिश फँटमचा पुढचा पाय लांब होतो पण तो कॅटापल्टवर (जहाजावरून विमान फेकणाऱ्या यंत्रावर) उडताना, डेकवर शांत उभ्या विमानाला तो लांब केलेला दाखवला की चुकलं. हुकचंही तेच, पार्क केलेल्या विमानाचा हुक साधारण वर असतो.

तपासा: ज्या एका विमानाचं मॉडेल करताय त्याच विमानाचे, त्याच काळातले निदान तीन कोनांतले फोटो हाताशी आहेत का. चित्रांवर किंवा दुसऱ्याच्या मॉडेलवर विसंबू नका, त्यात कोणाची तरी चूक आपल्याकडे येते.

२. पार्ट मोजा, मग धुवा

आधी सूचनापत्रकाशी पार्ट ताडून बघा. रेझिन किटच्या पिशवीत बारीक पार्ट पावडरमध्ये दडलेले असतात, एखादा तुटलेला असतो, एखादा आलेलाच नसतो. तुटलेला तुकडा पिशवीत सापडेपर्यंत पिशवी फेकायची नाही.

मग धुणं. रबराच्या साच्यातून पार्ट सुटून यावा म्हणून रिलीज एजंट वापरलेला असतो, बहुतेक वेळा सिलिकॉनचा. डोळ्याला दिसत नाही, हाताला किंचित तेलकट लागतो, कधी तेवढंही लागत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचं कोमट पाणी घ्या, पार्ट अर्धा तास बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशने प्रत्येक पॅनेल लाइनमधून (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरलेल्या रेषेतून), चाकं आत जातात त्या विहिरीच्या कोपऱ्यातून घासा, आणि स्वच्छ पाण्यात दोनदा खंगाळा. बारीक पार्ट गाळणीत ठेवून धुवा नाहीतर मोरीतून गेले म्हणून समजा. ओतताना पार्टला राहिलेल्या जाड ब्लॉकला जोडलेले असतानाच धुवा, सुटे बारीक पाय धुताना मोडतात.

मी एकदा हे टाळलं होतं, किटच्या कागदावर पार्ट धुतलेले आहेत असं छापलेलं होतं म्हणून. रंगाच्या तिसऱ्या मास्किंगला पंखावरचा पापुद्रा प्रायमरसकट टेपला चिकटून आला, खाली रेझिन चकचकीत कोरडं. तेव्हापासून कागदावर काहीही लिहिलेलं असो, मी धुतोच.

थ्रीडी प्रिंटेड पार्ट असतील तर साबणाआधी बघा की पृष्ठभाग चिकट लागतो का. चिकट लागत असेल तर रेझिन पूर्ण पक्कं झालेलं नाही, त्याला उघड्या हाताने हात लावू नका, ग्लव्हज घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि यूव्ही दिव्याखाली किंवा थोडा वेळ उन्हात ठेवा. जास्त वेळ नको, ठिसूळ होतात.

३. ब्लॉक कापणं आणि घासणं

सावधान: रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला, शक्य तिथे सगळं ओलं घासा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. फुंकर मारू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू तर अजिबात नका.

पार्टला चिकटलेला जाड ब्लॉक रेझर सॉने कापायचा, पण रेषेवर नाही. रेषेच्या बाहेर साधारण १ मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेला भाग घासून काढा. करवत अडकते, वाकते, आणि पार्टच्या अंगात शिरते, हे एक मिलिमीटर त्यासाठीच. सपाट पार्टसाठी जाड काचेवर २४० चा वॉटर पेपर पसरा, थोडं पाणी टाका आणि पार्ट आठच्या आकड्यासारखा फिरवा, एकाच दिशेने घासलात तर एक कड जास्त झिजते. दर दहा-बारा फेऱ्यांनी उचलून बघा. मग ४००, मग ६००.

चाकाचे पाय, पिटॉट (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी), दाराचे दांडे असले नाजूक पार्ट करवतीने कापू नका. ब्लॉकच्या बाजूने सुरीने एकाच रेषेवर हलके हलके वार करत जा, पार्टच्या खाली ब्लू टॅक (मऊ चिकट गोळा) दाबून आधार द्या. इथे घाई केली तर पाय मधूनच तुटतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, कॉकपिट टब, म्हणजे वैमानिकाच्या जागेचा खोलगट पार्ट. टबचा तळ आणि बाजू जाड ओतलेल्या असतात आणि फ्युजलेजच्या (विमानाच्या धडाच्या) आतली भिंतही जाड असते, दोन्ही मिळून फ्युजलेजचे अर्धे भाग बंदच होत नाहीत. लोक रबर बँड लावून जबरदस्तीने बंद करतात, सुपरग्लू लावतात, दोन दिवसांनी जोड फटकन उघडतो. टबचा तळ इतका घासा की उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार दिसायला लागेल. तरी बसत नसेल तर फ्युजलेजच्या आतली बाजू कोरा. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही.

तपासा: टब आत ठेवून दोन्ही अर्धे नुसत्या दोन बोटांच्या दाबाने पूर्ण मिटतात का. जास्त जोर लागला की परत घासायला बसा.

४. वाकलेलं सरळ करणं

वाकलेला पंख बघून घाबरायचं कारण नाही. हात बुडवता येणार नाही इतकं गरम पण उकळत नसलेलं पाणी घ्या, पंख त्यात अर्धा ते दीड मिनिट ठेवा, जाडीवर अवलंबून आहे, चिमट्याने काढा, सपाट काचेवर हलका दाबा आणि तसाच धरून गार पाण्याखाली न्या. जेवढा हवा त्याच्या किंचित पलीकडे वाकवा कारण थोडा परत येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, रेझिनला जुना आकार आठवतो, कधी कधी दोन वेळा करावं लागतं. लांब फ्युजलेज केळ्यासारखं वाकलं असेल तर दोन्ही अर्धे एकत्र टेप करून एकदमच गरम करा, वेगवेगळे सरळ केले तर एकमेकांना जुळत नाहीत.

हे काम कापल्यानंतर आणि चिकटवायच्या आधी. ब्लॉक असताना पार्ट वाकत नाही, चिकटवल्यावर वाकवला तर जोड फुटतो.

५. मोजमाप आणि ड्राय फिट

सगळे मोठे पार्ट मास्किंग टेपने जोडा, गोंद अजून बाटलीतच राहू दे. आता व्हर्निअर कॅलिपर काढा. सी हॉक या नौदल जेटचं उदाहरण घेऊ, खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.८९ मीटर, म्हणजे १/४८ ला साधारण २४८ मिमी आणि १/७२ ला १६५ मिमी यायला हवा. दोन-तीन मिमी कमी आला तर ते आकसणं आहे, ते मी सोडून देतो. पण डावा पंख उजव्यापेक्षा दीड मिमी लांब असेल तर ते सोडायचं नाही कारण समोरून बघताना डोळा लांबी मोजत नाही, फरक मोजतो. लांब असलेला मुळाशी घासा, टोकाशी नाही.

फ्युजलेज वरून बघा, मधली रेषा नाकापासून शेपटीपर्यंत सरळ जाते का, एक दोरा ताणून धरा म्हणजे लगेच कळतं. शेपटीचं उभं पान टेबलाशी काटकोनात आहे का ते गुण्याने बघा. इथे जेवढ्या फटी दिसतात त्या वहीत लिहून ठेवा, कुठे फिलर लागणार आणि कुठे पार्टच घासायला हवा ते आत्ताच ठरतं. माझा नियम असा आहे की अर्ध्या मिमीपेक्षा मोठी फट फिलरने भरायची नाही, त्यात प्लॅस्टिक शीटची पट्टी घालायची, नाहीतर फिलर वाळताना खचतो आणि रंगानंतर तिथे ओळ दिसते.

६. नाकातलं वजन

तीन चाकी जेट मागे बसतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी किटकिट होते ती इथेच, कारण प्लॅस्टिकच्या हिशोबाने वजन टाकलं जातं. रेझिनची शेपटी आणि पंख बरेचदा भरीव असतात, मागचं वजन अंदाजापेक्षा खूप जास्त असतं.

अंदाज नको, प्रयोग करा. सगळं टेपने जोडलेलं विमान घ्या, मागचे पार्ट, बॉम्ब, टाक्या, जे जे मागे येणार ते सगळं लावून. मुख्य चाकांचा आस जिथे येतो ती रेषा पोटावर आखा आणि त्या रेषेखाली गोल पेन्सिल ठेवा. नाकावर टेपने वजन चिकटवत जा, नाक खाली गेलं की त्याच्यावर अजून एक चतुर्थांश टाका, कारण उघडी कॅनोपी, फिलर आणि रंग हे सगळं नंतर वाढतं. सी हॅरिअरसारख्या विमानाला हा प्रश्न येत नाही, त्याचे मुख्य पाय एकामागे एक असतात, पण तिथे पंखांच्या टोकाची बारीक चाकं जमिनीला टेकतायत का ही वेगळी परीक्षा आहे.

सावधान: शिसं वापरत असाल तर ते पांढऱ्या लाकडी गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदातल्या आम्लामुळे शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीसारखं फुगत जातं आणि काही वर्षांनी नाक आतून फुटतं. इपॉक्सी वापरा आणि वजन पूर्ण त्यात बुडवा. शिशाला हात लावल्यावर हात धुवा. टंगस्टन मिळालं तर उत्तम, कमी जागेत जास्त वजन बसतं. वजन नाकाच्या अगदी टोकाशी भरा, कॉकपिटच्या मागे टाकलेलं जवळजवळ वाया जातं.

७. कॉकपिट, इनटेक, जेट पाइप: बंद होणारं सगळं आधी रंगवा

कॉकपिट सोपं आहे, ते आपण सगळेच आवडीने करतो. त्याबद्दल एवढंच की फोटो-एचचा (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचा) पितळी पार्ट वाकवायच्या आधी मेणबत्तीवर किंवा लायटरवर क्षणभर गरम करून गार होऊ द्या, मऊ होतो, सीटबेल्टचे पट्टे सीटवर नैसर्गिक पडतात. ज्या पार्टला ताठ राहायचंय त्याला हे करू नका.

खरा त्रास इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडांचा. सी हॉकचे इनटेक पंखांच्या मुळाशी आणि इंजिनाचे वायू बाहेर टाकणारा जेट पाइपही दुभागून पंखांच्या मुळाशीच मागे बाहेर येतो, म्हणजे चार तोंडं, आणि प्रत्येकाच्या आत जोड दिसतो. फ्युजलेज बंद झाल्यावर आत सँडपेपर जात नाही. म्हणून आतला बोगदा वेगळा जोडून घ्या, जोड घासा, मग एका तोंडाला टेप लावून आत थोडा पातळ केलेला पांढरा रंग ओता, फिरवा, उरलेला परत बाटलीत काढा आणि तोंड खाली करून दोन दिवस ठेवा. आतून बिनजोड गुळगुळीत पांढरा बोगदा मिळतो, ब्रशने कधीच असा येत नाही. एका दिवसात वाळला असं वाटतं पण आतल्या वळणावर ओला असतो, बंद केलात की सुरकुत्या पडतात.

८. जोडणी: प्रत्येक जड जोडात धातूची पिन

नुसत्या सुपरग्लूवर पंख लावू नका. सुपरग्लू ओढ सहन करतो पण आडव्या धक्क्याला तुटतो, आणि रेझिनचा भरीव पंख हा धक्का स्वतःच्या वजनानेच देत राहतो. १/७२ ला १ मिमी आणि १/४८ ला दीड ते दोन मिमी जाडीची पितळी तार घ्या, प्रत्येक पंखाला निदान दोन पिना, एकच असेल तर पंख तिच्याभोवती फिरतो.

भोकं जुळवायची सोपी पद्धत: आधी पंखात भोक पाडा, पिन बसवा, बाहेर अगदी थोडी ठेवा, टोकाला रंगाचा ठिपका लावा, आणि पंख फ्युजलेजवर जागेवर धरून दाबा. ठिपका उमटतो तिथे दुसरं भोक. भोक पिनपेक्षा किंचित मोठं ठेवा म्हणजे कोन बदलायला जागा राहते, ती जागा इपॉक्सी भरून काढतो.

मोठ्या जोडाला पाच मिनिटांची किंवा त्याहून हळू सुकणारी इपॉक्सी, कारण सरळ करायला वेळ मिळतो. बारीक पार्टला सुपरग्लू. अ‍ॅक्सिलरेटर (सुपरग्लू झटकन सुकवणारं रसायन) मी जोडाला वापरतच नाही, जोड ठिसूळ होतो.

कोनासाठी जाड पुठ्ठ्याचा जिग, म्हणजे पार्ट नेमक्या कोनात धरून ठेवणारा आधार, कापा. हे टाळणारे खूप आहेत आणि पुढे पस्तावतात. फँटमच्या पंखाचा बाहेरचा भाग १२ अंश वर जातो आणि शेपटीचे आडवे पंख सुमारे २३ अंश खाली, हे नजरेने दोन्ही बाजूंना सारखं लावणं शक्य नाही. पंख दुमडलेले असतील तर दुमडीचा कोन दोन्ही बाजूंना एकाच पुठ्ठ्याच्या तुकड्याने मोजा, आणि दुमडीच्या जागी पितळी नळ्या किंवा तारा आतपर्यंत नेऊन इपॉक्सीत बसवा. खऱ्या विमानात तिथे बिजागऱ्या, वायरी आणि हायड्रॉलिक नळ्या दिसतात, बारीक शिशाची तार आणि ताणलेला स्प्रू (प्लॅस्टिक किटची उरलेली दांडी तापवून ओढलेली) यांनी त्या होतात, पण आधी ताकद, मग शोभा.

तपासा: गोंद वाळायच्या आत दोऱ्याने पंखाचं टोक ते शेपटीचं टोक असं दोन्ही बाजूंनी मोजा, आणि दोन्ही पंखटोकांची टेबलापासूनची उंची मोजा. चारही आकडे वहीत लिहा. एक मिमीचा फरक आत्ता हाताने सरकवून जातो, उद्या जात नाही.

९. बुडबुडे, फिलर आणि पॅनेल लाइन

रेझिनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि घासल्यावर ते टाचणीच्या भोकासारखे उघडतात, म्हणजे जितकं घासाल तितके नवे दिसतील. मोठ्या भोकांना जाड सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर मिसळून भरा, बारीक भोकांना पातळ केलेली पुट्टी टोकाने दाबा.

सुपरग्लूचा फिलर अर्ध्या ते एक तासात घासायचा. रात्रभर ठेवला तर तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक होतो, मग सँडपेपर रेझिन खातो आणि फिलर उंचवट्यासारखा राहतो. पावडर घातल्याने हा फरक कमी होतो, म्हणून नुसता सुपरग्लू मी भरतच नाही.

गेलेल्या पॅनेल लाइन परत कोरताना जाड लेबल टेप पट्टीसारखी चिकटवा आणि स्क्रायबर (रेषा कोरायचं टोकदार हत्यार) वजन न देता चार-पाच वेळा फिरवा. जोर लावलात की तो बुडबुड्यात अडकून बाजूला निसटतो.

१०. कॅनोपी

रेझिन किटमध्ये बहुतेक वेळा पातळ व्हॅक्युफॉर्म (गरम प्लॅस्टिक शीट साच्यावर ओढून केलेली) कॅनोपी येते, नशीब असेल तर दोन. आतून ब्लू टॅक भरा, म्हणजे दाबाने ती चुरगळत नाही, नवी कोरी ब्लेड घ्या, आणि एका वारात कापू नका, हलक्या हाताने दहा वेळा फिरवा. कडेच्या बाहेरून कापा आणि सँडपेपरवर घासत घासत बसवत आणा. शेवटचा थोडा फरक राहिला तर कॅनोपी बघून फ्युजलेजची कड घासा, उलटं नाही, कॅनोपी बिघडली तर दुसरी सहसा मिळत नाही.

सावधान: कॅनोपीजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने आतून पांढरट धुकं येतं आणि ते निघत नाही. पारदर्शक कॅनोपी ग्लू किंवा पांढरा गोंद. आणि कॉकपिटमधल्या सुपरग्लूच्या कामाला निदान एक दिवस हवा मिळू द्या, मग बंद करा.

११. प्रायमर

चिकटवण्या-घासण्यात बोटांचं तेल आणि धूळ बसलेली असते, म्हणून मॉडेल परत एकदा साबणाच्या पाण्याने हलकं पुसून वाळवा. मग लॅकर बेसचा करडा प्रायमर, पातळ थर, एक जाड नाही. साधा अ‍ॅक्रिलिक प्रायमर रेझिनला बरेचदा नीट धरत नाही.

पहिला थर रंगासाठी नाही, चुका शोधण्यासाठी आहे. दिव्याखाली तिरकं धरा, राहिलेली भोकं, ओरखडे, खचलेले जोड आता स्पष्ट दिसतात. भरा, घासा, परत मारा. मला साधारण तीन फेऱ्या लागतात, एका फेरीत झालं असं वाटलं तर नीट बघितलेलं नाही.

तपासा: एक दिवसाने दिसणार नाही अशा जागी मास्किंग टेप घट्ट दाबून पटकन ओढा. प्रायमर निघाला तर सगळा काढून पुन्हा धुणं एवढाच उपाय, वरून रंग मारत जाऊ नका.

१२. रंग

फिकट रंग आधी. अमेरिकन नौदलाच्या १९५५ नंतरच्या योजनेत वर लाइट गल ग्रे एफएस ३६४४० आणि खाली पांढरा एफएस १७८७५ (एफएस म्हणजे अमेरिकन सरकारी रंग-क्रमांक), म्हणजे पांढरा आधी, त्यावर मास्क (टेपचं झाकण), मग करडा. याच योजनेत पंखांवरचे हलणारे भाग वरूनही पांढरे असत, ते विसरलं जातं. चाकांच्या दारांच्या कडा लाल एफएस १११३६, या एका बारीक ओळीने मॉडेल जिवंत होतं, पण ती ब्रशच्या टोकाने नाही तर ब्रशच्या बाजूने कडेवर टेकवत काढा. १९८० च्या दशकातल्या करड्या योजना वेगळ्या आहेत, हॉर्नेट जेटला ३६३२० आणि ३६३७५, फरक इतका कमी की मास्क काढल्यावर दिसत नाही असं वाटतं, तरी तो हवा. ब्रिटिश नौदलाचं सी हॉक करायचं तर वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खाली स्काय.

आता वापराच्या खुणा. डेकवरचं विमान खारट हवेत राहतं म्हणून लोक तपकिरी गंज रंगवतात, ते चूक आहे, ॲल्युमिनिअमला तपकिरी गंज येत नाही. खऱ्या विमानात दिसतात ते गंज रोखण्यासाठी मारलेले रंगाचे ठिगळ, मूळ करड्यापेक्षा किंचित गडद किंवा फिकट, पॅनेलच्या कडांपाशी, रिव्हेटच्या ओळींवर, आणि पायऱ्या, इंधन भरण्याची जागा, कॉकपिटची कड इथे बुटांची आणि हातांची मळ. मूळ रंगात चार-पाच थेंब दुसरा करडा मिसळून एअरब्रशने फार कमी दाबाने हे ठिगळ मारा. हात आखडता ठेवा. कमी पडलं तर उद्या वाढवता येतं.

१३. डिकल

ग्लॉस क्लिअर मारल्याशिवाय डिकल लावू नका, खालची हवा रुपेरी दिसते. छोट्या किटांच्या डिकलचा एक नको असलेला तुकडा आधी पाण्यात टाकून बघा. तुटला तर संपूर्ण शीटवर ग्लॉस क्लिअर किंवा लिक्विड डिकल फिल्मचा थर द्या आणि मग प्रत्येक डिकल कडेने कापून घ्या कारण आता सगळी शीट एकच डिकल झालेली असते. पिवळे पडलेले असतील तर शीट पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवा, पांढरे होतात. सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रावण) लावल्यावर डिकल सुरकुतला तर हात लावू नका, तो स्वतः बसतो.

१४. शेवटची जोडणी

पाय, दारं, पायलॉन (पंखाखाली बॉम्ब-टाक्या लटकवायचे आधार), हुक, अँटेना, पिटॉट याच क्रमाने, नाजूक शेवटी. रेझिनचे पाय या वजनाखाली टिकतील असं समजू नका, उन्हाळ्यात ते हळूहळू झुकतात, किटमध्ये धातूचे पाय नसतील तर रेझिनच्या पायात उभी पितळी किंवा स्टीलची तार घाला. व्हाइट मेटलचे पायही वाकतात, ते बसवण्याआधी हाताने सरळ करा, बसवल्यावर नाही. इपॉक्सीने लावा आणि वाळेपर्यंत विमान उलटं ठेवून तिन्ही चाकं एका काचेच्या तुकड्याला टेकतात का ते वरून काच ठेवून बघा, कुठलं चाक हवेत राहतंय ते लगेच दिसतं. चाकाचा खालचा भाग सँडपेपरवर थोडा सपाट करा, एवढं जड विमान टायरच्या गोल कडेवर उभं राहत नाही.

अमेरिकन विमानांच्या हुकवर काळे-पांढरे पट्टे बऱ्याच वेळा असतात, ते रंगवताना बारीक कापलेल्या टेपच्या पट्ट्या वापरा. पिटॉट रेझिनचा आला असेल तर फेकून द्या आणि दोन पितळी नळ्या एकात एक घालून नवा करा, आणि तो विमान कपाटात ठेवायच्या दिवशीच लावा, त्याआधी लावलेला प्रत्येक पिटॉट माझ्या बाहीला अडकून तुटला आहे.